उलट्या आट्यांचा प्रेस

नागरवाड्यातल्या आमच्या घरात चपला उंबऱ्याच्या आत येत नसत. देवघरासमोरून जाताना कमरेचा पट्टासुद्धा काढून हातात धरायचा, आणि वर "हातात तरी कशाला धरतोस?" हेही ऐकून घ्यायचं. अशा घरात चामड्याचे अख्खे ताव आले आणि गुंडाळी होऊन मागच्या खोलीतल्या पलंगाखाली विसावले. घरात काहीही विपरीत घडलं की माझ्याकडे बघण्याची सगळ्यांना सवय होती, आणि ती सवय मी कष्टानं लावलेली होती. पण या बाबतीत मी निर्दोष. ते ताव आईनं आणले. महिला मंडळात दुपारी चामड्याच्या वस्तूंचा वर्ग निघाला होता. बाकीच्या बायकांनी एकेक चष्म्याचं घर शिवलं, ते नवऱ्याला दिलं आणि त्या परत लोणच्या-पापडाकडे वळल्या. आई वळली नाही. चामडं पाण्यानं ओलसर करून त्यावर पितळी ठसा ठेवला आणि लाकडी हातोडीनं ठोकला, की नक्षी उठते आणि जन्मभर पुसली जात नाही, हे एकदा कळल्यावर तिला दुसरं काही सुचेनासं झालं. "रांगोळी रोज पुसायची, पोळ्या रोज संपायच्या," ती म्हणायची, "हे एक तरी राहतं." पहिला ताव घरात आला त्या दिवशी वडिलांनी विचारलं होतं, "हे कुठल्या जनावराचं?" आई म्हणाली, "विचारू नका, म्हणजे मला खोटं बोलावं लागणार नाही."

वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. ते सरकारी दफ्तरखान्यातून निवृत्त झाले होते. त्यांचे आजोबाही संस्थानाच्या काळात दफ्तरखान्यातच होते, त्यामुळे आमच्या घरात कुठलीही गोष्ट नुसती सांगितली जात नसे. ती सादर व्हायची. बाहेरच्या खोलीत बडोद्याच्या रिवाजाप्रमाणे पितळी कड्यांचा झोपाळा होता आणि नाना त्यावर. आपण समोर उभं राहून विषय मांडायचा. मग नाना पायाच्या अंगठ्यानं झोपाळा थांबवत, कड्यांची करकर बंद होई, थोडा वेळ जाई, आणि ते म्हणत, "हं." ते 'हं' आलं की मंजुरी. दुसरा गॅस सिलिंडर, माझा मेकॅनिकलचा डिप्लोमा, गल्लीत सगळ्यांच्या गच्च्यांवरून लोंबत आलेली केबलची वायर, सगळं त्या 'हं'वर घरात आलं. नाही म्हणायची नानांना गरजच नव्हती. पायाचा अंगठा उचलला की झोपाळा पुन्हा चालू व्हायचा आणि विषय आपोआप मागच्या वर्षात जायचा. आईच्या चामड्याला 'हं' मिळालं नव्हतं. म्हणून ते पलंगाखाली होतं.

दुपारची जेवणं झाली, भांड्यांचा आवाज थांबला आणि नाना डोळ्यांवर पंचा टाकून आडवे झाले, की मागच्या खोलीतून ठक ठक सुरू व्हायची. आमची आणि शेजारच्या जसुबेनची भिंत एकच. जसुबेन ओटल्यावरून ओरडायच्या, "अरे नलिनीबेन, रोज रोज पापडनो लोट कूटो छो के शुं?" आई आतून म्हणायची, "हो, या लाटायला!" मग जसुबेन खरंच यायच्या, वाटीत काहीतरी झाकून घेऊन, बहुतेक गरम खमण, आणि आमच्या गोड्या वरणाला नेहमीप्रमाणे नावं ठेवून आईचं काम बघत बसायच्या. "आ शुं, वडनुं पान?" आईचा आवडता ठसा वडाच्या पानाचा होता. पाकिटाच्या कोपऱ्यात एकच पान, देठ खाली, शिरा नीट दिसणाऱ्या. गाव वडांचं, म्हणून पान वडाचं, एवढा साधा हिशेब. ते पान एका बाजूला जरा जरी कललं, तरी ती ते पाकीट बाजूला टाकायची. "उगवलेलं दिसलं पाहिजे," म्हणायची, "गळून पडलेलं नको."

ते दिवस असे होते की सगळ्यांनाच काहीतरी नवीन सुरू करायचं होतं. अलकापुरीत काचेच्या दारांची दुकानं निघत होती, आत शिरलं की थंडगार हवा यायची आणि विकत काही घ्यायचं नसलं तरी माणूस कॉलर नीट करायचा. दिवाळीला ऑफिसांतून मिठाईच्या पेट्यांऐवजी 'गिफ्ट' द्यायची पद्धत पडली होती. अशाच एका दुकानाच्या शेठनी जसुबेनच्या हातातली आईनं शिवलेली पर्स पाहिली, पान पाहिलं, आणि जसुबेन शेठना थेट आमच्या मागच्या खोलीतच घेऊन आल्या. दिवाळीच्या आधी पाकिटांचा ढीग हवा होता. सगळी एकसारखी, सगळ्यांवर पान. आईनं नानांकडे न जाता हो म्हणून टाकलं. आमच्या घरात मंजुरीशिवाय झालेला हा पहिला व्यवहार. नानांना कळलं तेव्हा त्यांनी झोपाळा थांबवला. आम्ही 'हं'ची वाट पाहिली. ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत होतं का बघू. नाही झालं, तर दिवाळीच्या साफसफाईत पलंगाखालचं सगळं बाहेर. घर आहे, कारखाना नाही." आणि अंगठा उचलला.

आणि नेमका तेव्हाच आईचा हात गेला. मनगट सुजलं, वाटी उचलली तरी कळ यायची. डॉक्टर म्हणाले, हातोडी बंद. मीच तिला स्कूटरवरून घेऊन गेलो होतो, मीच रोज रात्री मनगटाला मलम लावून पट्टी बांधत होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे काय झालं ते वाचताना आपल्याला वाटेल की या मुलानं कधी आईचा हात नीट पाहिलाच नसावा. पाहिला होता. रोज पाहत होतो. फक्त बघण्याचं आणि डोक्याचं कनेक्शन त्या काळात सुटलेलं होतं.

हातोडी नको तर मशीन हवं, हे मी सुचवलं. मी तेव्हा एका पंपाच्या कारखान्यात ट्रेनी होतो, म्हणजे इतरांनी केलेलं काम उभं राहून बघणारा इंजिनियर. घरात मात्र यंत्राचा विषय निघाला की माझा आवाज आपोआप जड व्हायचा. नानांनीही यात लक्ष घातलं, कारण नकार देण्याआधी प्रकरणाची पूर्ण माहिती घ्यायची त्यांची जुनी सवय. त्यांच्या मते दफ्तरखान्यात पोथ्या-फायली बांधायला जो लोखंडी दाब होता, वरचं चाक फिरवून खाली आवळायचा, त्याच्यासारखं यंत्र जगात नाही. "शंभर वर्षं झाली, अजून आवळतोय." तसा एक दाब त्यांनी ओळखीच्या बाइंडरकडून बघायला मागवलाही. पान त्यात सुरेख उमटलं. पण प्रत्येक पाकिटाला चाक खाली फिरवायचं, परत वर फिरवायचं. आणि पाकिटाचा आकार कापायचा म्हटलं, तर तो दाब नुसताच दाबत बसला. धारदार साचा चामड्यात अर्धा घुसला आणि रुसला. आई म्हणाली, "हा तुमच्या दफ्तरखान्यासारखाच आहे. दाबून ठेवतो, निकाल लावत नाही."

मग माझी पाळी. माझं म्हणणं, हायड्रॉलिक. ट्रक उचलणारा जॅक लोखंडी चौकटीत बसवायचा, दांडा खालीवर केला की टनांनी दाब. मी एक जॅक आणला, गल्लीतल्या वेल्डरकडून चौकट करून घेतली, आणि सगळ्यांना मागच्या खोलीत बोलावलं. जसुबेनही आल्या, कारण फुकटात काही बघायला मिळणार असलं तर त्यांना बोलवावं लागत नसे. खाली ठेवायला सपाट, टणक लाकूड हवं होतं; स्वयंपाकघरात पोळपाट दिसला. आईच्या माहेरचा, शिसवी. मी दांडा मारत गेलो. चामड्याचं काय झालं ते नीट आठवत नाही, पण पोळपाट कडाडून दुभंगला आणि एक तुकडा जसुबेनच्या पायाशी गेला. वर जॅकमधून तेलाची धार आली ती बरोबर ओल्या चामड्यावर. आई दोन्ही तुकडे एकमेकांना लावून बघत होती. जसुबेन म्हणाल्या, "सुहासभाई, ट्रक तो उपाडी शकशे, पण रोटली हवे शेना पर वणशो?" पोळ्या आता कशावर लाटणार, असं. त्यानंतर आमच्याकडे बरेच दिवस पोळ्या जसुबेनच्या पाटल्यावर लाटल्या जायच्या, आणि पाटला आणायला-पोचवायला मी.

शेवटी शहराबाहेर, छाणी गावाच्या बाजूला एका वर्कशॉपमध्ये मला खरी वस्तू सापडली. बाबुभाई नावाचा मिस्त्री, कशालाही नाही न म्हणणारा. काहीही विचारा, उत्तर एकच : "थई जशे," होऊन जाईल. त्याच्याकडे हाताचा फ्लाय प्रेस होता. इंग्रजी सी अक्षरासारखं ओतीव लोखंडाचं धूड, मधून उभा जाडजूड स्क्रू, स्क्रूच्या डोक्यावर आडवा दांडा आणि दांड्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी गोळे. एका टोकाला खाली लोंबती मूठ. मूठ धरून स्वतःकडे ओढली, की गोळ्यांच्या वजनानं दांडा गर्रकन फिरतो, स्क्रू खाली येतो आणि धप्प! शंकरपाळी कापावी तसं चामडं कापलं गेलं. ठसा लावून पाहिला, धप्प, पान. मी इतक्यांदा ओढून पाहिलं, की बाबुभाईला शंका आली मी गिऱ्हाईक आहे की जत्रेला आलोय. घरी येऊन मी थाटात जाहीर केलं, निवड झाली. आई म्हणाली, "मी एकदा येऊन हात लावून बघते." मी म्हणालो, "तिथे कशाला, धूळ, ऑइल, सगळे मिस्त्री लोक. त्यात बघायचंय काय? मी बघितलंय ना!" नानाही झोपाळ्यावरून म्हणाले, "वर्कशॉपमध्ये बायका कशाला?" या एका मुद्द्यावर आम्हा बाप-लेकांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं, आणि ते असं झालं.

आता प्रेस ठेवायचं टेबल किती उंच हवं हे मोजायला मी मागच्या खोलीत गेलो. आईला म्हटलं, "तू नेहमीसारखी काम करायला बस, मी माप घेतो." मनगट दुखत होतं तरी तिनं सुरी उचलली आणि पट्टीच्या कडेनं चामड्यावर एक हलकी रेघ ओढून दाखवली. मी टेप हातात धरून तसाच राहिलो.

"आई, तू डावरी आहेस?"

"तुला आज कळलं?"

"पण तू वाढतेस तर उजव्या हातानं!"

"डाव्यानं वाढलं असतं तर जेवला असतास का रे? लहानपणी गौरींच्या जेवणाला मी डाव्या हातानं मीठ वाढलं, तर माझ्या आजीनं हाताला रुमाल बांधून ठेवला होता, सणभर. मग शिकले. देवाचं, जेवणाचं, कुंकवाचं, सगळं उजव्यानं. बाकी या हातानं." आणि तिनं तो हात वर केला. पट्टी बांधलेला. मी बांधलेली पट्टी. डाव्या मनगटावर.

आज माझी नात डाव्या हातानं पाणीपुरी खाते, डाव्या हातानं देवाला फूल वाहते आणि वर मलाच सांगते की देवाला काय, दोन्ही सारखे. देवाला असतीलही. पण आमच्या घरात आई आम्हाला भेटायची ती पंगतीत आणि देवघरापाशी. त्या दोन्ही जागी तिचा उजवाच हात असायचा, आणि आम्ही तेवढीच आई पाहिली होती. मी बाहेर येऊन नानांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं, आई डावरी आहे?" नानांनी झोपाळा थांबवला. "कोण?" म्हणाले. मग बराच वेळ मागच्या खोलीच्या दाराकडे बघत राहिले. 'हं'सुद्धा म्हणाले नाहीत.

शहाणा माणूस इथे थांबला असता आणि आईला स्कूटरवर मागे बसवून छाणीला घेऊन गेला असता. मी एकटाच गेलो. डोक्यात एकदम वीज चमकल्यासारखं झालं होतं : प्रेसची मूठ उजव्या हातानं ओढायची असते! आई डावरी! म्हणजे सगळं यंत्रच उलटं हवं! बाबुभाईला सांगितलं तर त्यालाही हुरूप आला. "मम्मी डाबोडी छे? तो प्रेस पण डाबोडी बनावी दईए! अवळा आंटा पाडी दईश." म्हणजे स्क्रूचे आटे उलटे कापायचे, की मूठ डावीकडे येईल आणि डाव्या हातानं स्वतःकडे ओढली की स्क्रू खाली. "होईल?" "थई जशे!" आम्ही दोघांनी तिथेच फाफडा खाऊन तो शोध साजरा केला. घरी मी कुणाला बोललो नाही. आईला चकित करायचं होतं. तसं ते झालंही.

प्रेस टेम्पोतून आला तो खंडेनवमीला. आमच्याकडे त्या दिवशी पणजोबांची म्यानात गंजलेली तलवार, नानांचं दफ्तरखान्यातलं पेन, माझी पट्टी-कंपास आणि विळी अशी शस्त्रं पाटावर मांडली जातात. त्या वर्षी शेजारी तो लोखंडी सी उभा राहिला. आईनं त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार गोळ्याला अडकवला, ओवाळलं. उजव्या हातानं. जसुबेन म्हणाल्या, "हाश! हवे मारी भींत बचशे." पूजेतलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नाही, म्हणून काम दसऱ्यावर गेलं. रात्रभर मी त्या प्रेसकडे असा बघत होतो, जसं पोटच्या पोराच्या मार्कांकडे बघावं.

दसऱ्याला श्रीखंड झाल्यावर सगळे मागच्या खोलीत जमलो. मी भाषण केलं. डावरेपणा, आट्यांची दिशा, यंत्रानं माणसासारखं व्हायला हवं, माणसानं यंत्रासारखं नव्हे, वगैरे. श्रीखंडानं जीभ सैल झालेली होती. आईनं चामडं ठेवलं, त्यावर साचा ठेवला आणि डाव्या हातानं मूठ धरून ओढली. अर्ध्यात तिचा चेहरा आवळला. ज्या मनगटाला डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती, बरोबर त्याच मनगटानं आता लोखंड ओढायचं होतं. तरी तिनं दातओठ खाऊन दोन-तीन पाकिटं कापली, मग ठसा मारला. पान तिरकं पडलं. पुन्हा मारला. पुन्हा तिरकं, दुसऱ्या बाजूला. डावा हात मुठीवर गुंतल्यामुळे चामडं सरळ ठेवण्याचं काम उजव्या हातावर आलं होतं, आणि तिचा उजवा हात पोळ्या वाढण्यात आणि हळदकुंकू लावण्यात वाकबगार. केसभर सरकवून नेमकं बसवणं त्याला कधी कुणी शिकवलंच नव्हतं. मग तिनं उजव्या हातानं मूठ ढकलून पाहिली, पण दांडा तिच्या डोक्याएवढा उंच. ढकलताना तिचे पायच मागे सरकायला लागले.

तिनं हात पुसले. "सुहास," ती म्हणाली, "आधी तू पाहिला होतास, तो प्रेस कसा होता?"

"तो साधा. उजव्या हातानं ओढायचा."

"म्हणजे डावा हात चामडं ठेवायला मोकळा?"

"हो..."

आई माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. लहानपणी मी शाळेतून दुसऱ्याचंच दप्तर घेऊन आलो होतो, तेव्हा तिनं असंच बघितलं होतं. "मला तोच हवा होता रे," ती म्हणाली.

माझ्या आयुष्यात मी अनेक गोष्टी चुकीच्या आणल्या. चुकीच्या मापाचे बूट, चुकीच्या गाडीची तिकिटं, एकदा चुकीच्या लग्नाला आहेर. पण दुकानात बरोबर असलेली वस्तू मुद्दाम ऑर्डर देऊन, आवर्जून चूक करून घेऊन येणं, हे एकदाच जमलं.

मी तसाच स्कूटर मारत छाणीला गेलो. बाबुभाईनं दसऱ्याच्या जलेबीचा तुकडा माझ्या तोंडात घातला आणि आयुष्यात पहिल्यांदा 'थई जशे'च्या पुढे एक शब्द जोडला : "थई जशे, पण लाभपाचम पछी." दिवाळीआधीची कामं अंगावर होती, साधा प्रेस विकला गेला होता, आणि नवीन स्क्रू कापायला लेथ रिकामं नव्हतं. लाभपंचमी म्हणजे दिवाळी उलटल्यावर. घरी आलो तेव्हा आई पलंगाखालून ताव काढून नीट गुंडाळत होती, सुतळी बांधत होती. "उद्या शेठना सांगून ये," म्हणाली, "त्यांना दुसरीकडून घेता येतील. उगाच अडकून नकोत." आणि साचे, पितळी ठसे एका जुन्या साडीत बांधायला लागली. वडाचं पान तिनं शेवटी ठेवलं. बांधलं, परत सोडलं, जरा पुसलं, परत बांधलं. दिवाळीची साफसफाई आमच्याकडे अजून सुरू झाली नव्हती. ती आधीच करत होती.

बाहेर झोपाळ्याची करकर थांबली. नाना दारात आले. ते मागच्या खोलीत सहसा येत नसत. चामड्याचा वास सहन होत नाही, असं कारण होतं. त्यांनी प्रेसभोवती एक फेरी मारली, आक्षेप शोधणाऱ्या माणसासारखी. मग ते प्रेसच्या मागे, आईच्या समोरच्या बाजूला उभे राहिले आणि गोळ्याला हात लावून, माझी अक्कल किती उलटी आहे ते बघावं म्हणून, दांडा जरा पुढे ढकलला. झोपाळ्यावरच्या पोराला झोका द्यावा तसा. दांडा गर्रकन फिरला आणि धप्प! खाली साच्यासकट विसरून राहिलेला चामड्याचा तुकडा कापला गेला. नाना दचकले. मग त्यांनी पुन्हा दांडा मागे आणला आणि पुन्हा ढकलला.

"उलटं आहे ना," ते म्हणाले, "म्हणजे इकडून ढकललं की खाली जातं. ओढायचं कशाला?"

आई सुतळी हातात धरून बसलेली.

"ऊठ," नाना म्हणाले. "तू ठेव. मी ढकलतो."

"वास येतो तुम्हाला."

"येतो. ठेव."

आईनं साडीची गाठ सोडली. चामडं ओलं केलं, डाव्या हाताच्या बोटांनी इकडे केसभर, तिकडे केसभर करत नेमकं बसवलं. नाना पलीकडे हात गोळ्यावर ठेवून उभे. पण मधे ते लोखंडी धूड. तिकडून त्यांना ना चामडं दिसे, ना आईची बोटं. "मला काही दिसत नाही," ते म्हणाले, आणि त्या आवाजात मी प्रथमच भीती ऐकली. "तुझी बोटं आत असताना मी ढकललं तर?"

"मी सांगेन तेव्हाच ढकला."

"काय सांगशील?"

आईनं बोटं बाहेर काढली. क्षणभर विचार केला.

"हं," ती म्हणाली.

पान सरळ उमटलं. देठ खाली, शिरा नीट. उगवलेलं.

त्यानंतरच्या दुपारी मी कारखान्यातून लवकर सुटलो की दारातूनच ऐकायचो. हं. धप्प. मधे शांतता, चामड्याची सळसळ. हं. धप्प. नाना गोळ्यावर हात ठेवून वाट बघत उभे असायचे. कधी आईला चामडं मनासारखं बसत नसे, मग ती ते उचलायची, पुसायची, पुन्हा ठेवायची, आणि नाना तेवढा वेळ तसेच. एकदा त्यांना खोकला आला तर त्यांनी आधी दोन्ही हात मागे घेतले, मग खोकले. जसुबेनला भिंतीपलीकडून आता नवीन कोडं पडलं होतं. "नलिनीबेन, आखो दहाडो शेनी हा पाडो छो?" दिवसभर कसला होकार देताय, असं. कोजागिरीला त्या दूध-पोहे घेऊन आल्या आणि नानांना प्रेसला उभं बघून वाटी हातातच विसरल्या. झोपाळा त्या दिवसांत रिकामाच असे. पाकिटं धनत्रयोदशीच्या आधी अलकापुरीला पोचली. पोचवायला मीच गेलो, कारण काहीही न बिघडवता करता येईल असं माझ्या वाट्याला तेवढंच काम उरलं होतं.

लाभपंचमी झाली आणि बाबुभाई शब्दाला जागून आला, साध्या आट्यांचा नवा स्क्रू पोत्यात गुंडाळून. "लो बेन, सीधो करी दउं. थई जशे, अडधा कलाकमां." मागच्या खोलीत नाना प्रेसपाशी उभे होते, हात गोळ्यावर. ते आईकडे बघत राहिले. ती मधल्या लोखंडामुळे त्यांना दिसत नव्हती, तरी बघत राहिले.

"राहू द्या, बाबुभाई," आई म्हणाली. "हे आता शिकलेत. परत नव्यानं कुणाला शिकवू?"

तो स्क्रू कित्येक वर्षं आमच्या माळ्यावर पोत्यात पडून होता. बाबुभाई चहा प्यायला, माझ्या पाठीवर थाप मारून गेला. आईनं चामडं ठेवलं, केसभर डावीकडे घेतलं, पुन्हा जरा उजवीकडे, आणि बोटं बाहेर काढली. नाना थांबले होते.

"हं."